वाटसोड

२०४१ सालचा नकाशा जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठ वाजता आला, तेव्हा वैजयंता शेवंती खुडत होती. मोबाईल पंपाच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. त्यामुळे तिच्या शेताबद्दल गावभर काय बोललं जातंय, हे सगळ्यात शेवटी तिलाच कळलं.

गाव म्हणायचं ते सवयीने. निमसरी आता गाव राहिलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी अहिल्यानगरपासून ते सहा किलोमीटरवर होतं. मग रस्ता रुंद झाला, रस्त्याकडेची शेतं आधी प्लॉट झाली, मग बंगले आणि मग चार-चार मजल्यांच्या इमारती. गावाने जागा सोडली नाही, शहरच चालत चालत त्याच्यापाशी येऊन बसलं. या सगळ्या घरांच्या मधोमध रासकरांचं दीड एकर शेत तेवढं उरलं होतं. सातबारावर दोन नावं होती, वैजयंता आणि तिचा धाकटा भाऊ मुरलीधर. ती एकसष्ट वर्षांची होती. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला होती, आणि शेताच्या पश्चिम कडेला दोन खोल्यांत राहून ती फुलं पिकवत होती. मुरली एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून नुकताच निवृत्त झालेला. शेताच्या पूर्वेला त्रिवेणी सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. रोज सकाळी तो शेतातून चालत बहिणीकडे यायचा, चहा घ्यायचा, पेपर वाचून दाखवायचा आणि जायचा.

त्या दिवशी तो धावत आला आणि म्हणाला की आपलं शेत हिरवं आलंय.

वैजयंताला त्यात काही वावगं वाटलं नाही. शेत होतं, ते हिरवं असणारच. पण मुरलीने मोबाईल तिच्या नाकासमोर धरला. निमसरीचा अख्खा नकाशा पिवळा आणि निळा होता. मधोमध दहा चौकोन हिरवेगार. आणि ते रंग २०४१चे नव्हते. वीस वर्षांनंतरचे, २०६१चे होते.

हा नकाशा काढणाऱ्या यंत्राचं नाव होतं भूरेखा. पुण्याच्या एका संस्थेने ते बनवलं होतं. कल्पना तशी सोपी होती. जमिनीचे पंचवीस-पंचवीस मीटरचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो: ते घरं झालेत की शेतं आहेत, रस्ता किती लांब, उतार कुठल्या बाजूला, पाणी कुठे. शेजारी पाच चौकोन घरांचे झाले की सहसा सहावाही फार काळ शेत राहत नाही. एक चौकोन बदलला की त्याच्या शेजाऱ्यांची गणितं बदलतात, मग त्यांच्या शेजाऱ्यांची. शहर असंच पसरतं, कापडावर पडलेल्या शाईसारखं. पण किती वेगाने आणि कुठल्या वळणाने, हे नियम माणसाने यंत्राला सांगितले नव्हते. चारशे गावांचे आणि शहरांचे सत्तर वर्षांचे विमानातून आणि उपग्रहातून घेतलेले फोटो त्याच्यापुढे ठेवले, आणि ते नियम त्याने स्वतःच शोधून काढले. पिवळा म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, जांभळा म्हणजे गोदामं आणि कारखाने, हिरवा म्हणजे शेती.

चार वर्षांत त्याची जवळच्या काळाची भाकितं इतकी बरोबर येत गेली की लोक त्यावर जगायला लागले. जिथे निळा रंग पडला तिथे लोक आधीच गाळे घेऊन ठेवायचे. शाळावाले पिवळ्याच्या कडेला जागा बघायचे. स्थळ बघायला येणारी मंडळीसुद्धा मुलाचं घर कुठल्या रंगात आहे ते आधी पाहून यायची.

त्यामुळे हिरव्या रंगाचा अर्थ मुरलीला लगेच कळला. तीन महिने एक बिल्डर शेतासाठी मागे लागला होता. दुपारी त्याचा फोन आला. जमीन चांगली आहे, पण वीस वर्षांनीही जिथे शेतच राहणार असं भूरेखा म्हणतं तिथे इमारत बांधायला कोणी पैसा लावणार नाही, असं त्याने नम्रपणे सांगितलं आणि विषय संपवला.

मुरली दोन दिवस चहाला आला नाही.

फेब्रुवारीत संस्थेतून डॉ. नसीम तांबोळी आल्या. पंचेचाळिशीच्या, उन्हात रापलेल्या, पायात बूट आणि पाठीला पिशवी. त्यांनी वैजयंताला सांगितलं की नकाशा पाहून त्याही चक्रावल्या होत्या. सगळ्या बाजूंनी घरांनी वेढलेले दहा चौकोन वीस वर्षं शेत राहतील, हे यंत्राच्याच नेहमीच्या हिशोबात बसत नव्हतं. चूक असेल तर ती सापडायला हवी होती. त्यांनी मातीचे नमुने घेतले, विहिरीचं पाणी मोजलं, कागदपत्रं पाहिली. काहीच वेगळं नव्हतं. मग त्या पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसल्या आणि वैजयंताने दिलेला चहा पीत नुसत्या बघत राहिल्या.

शाळा सुटायची वेळ होती. पश्चिमेकडून मुलं आली, शेवंतीच्या कडेने रांगेत चालत पूर्वेला त्रिवेणीकडे गेली. उत्तरेच्या दवाखान्यातून एक नर्स आली, तिने जाता जाता गजऱ्यापुरती फुलं मागितली आणि दक्षिणेला भाजीबाजाराकडे गेली. दोन म्हातारे उलट दिशेने आले आणि वैजयंताला आज पाणी आलं का ते विचारून पुढे गेले. चार बाजूंनी चार पायवाटा येत होत्या आणि पंपाच्या खोलीपाशी एकमेकींना भेटत होत्या. वैजयंताच्या आईने कधी कुंपण घातलं नव्हतं, तिनेही घातलं नाही. का, असं डॉ. तांबोळींनी विचारलं तेव्हा तिला सांगता येईना. लोक जातात, जाता जाता फुलं घेतात, चार शब्द बोलतात. कुंपण घालायचं डोक्यातच आलं नव्हतं.

डॉ. तांबोळींनी तिथेच बसून लॅपटॉप उघडला आणि तासाभराने हसायला लागल्या. यंत्राने जे शोधलं होतं ते त्याला कोणीच शिकवलं नव्हतं. चारशे गावांच्या फोटोंत त्याला बारीक, फिकट रेघा दिसल्या होत्या. त्या पायवाटा होत्या. आणि जिथे तीन-चार बाजूंच्या पायवाटा एका शेतात येऊन मिळतात, ते शेत सहसा बांधलं जात नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तिथे पुढे बाजार भरतो, नाहीतर मैदान होतं, नाहीतर ते तसंच राहतं. रोज हजार पायांना लागणारी जागा कोणी सहजासहजी अडवू शकत नाही.

“म्हणजे हे भाकीत नाहीये, मावशी,” त्या म्हणाल्या. “यंत्राला भविष्य दिसत नाही. तुम्ही सगळे आज जसे वागताय तसेच वागत राहिलात तर काय होईल, एवढंच ते सांगतं.”

मुरली मागे उभा राहून ऐकत होता. त्याने एकच प्रश्न विचारला. या वाटा बंद झाल्या तर?

डॉ. तांबोळी प्रामाणिक बाई होत्या. तर बहुतेक रंग बदलेल, असं त्यांनी सांगितलं.

आठवडा गेला. मग एका सकाळी मुरली आला, पेपर न उघडता बसला, आणि त्याने मन मोकळं केलं. सबंध नोकरी त्याने गाड्यांखाली पडून काढली होती. त्याचा मुलगा नाशिकला भाड्याच्या घरात राहत होता. जमीन विकली तर मुलाचं घर होईल, बायकोला एकदा काश्मीर दाखवता येईल, आणि आक्कालाही म्हातारपणी ओणवं राहून फुलं खुडावी लागणार नाहीत. एक वर्ष कुंपण घालू, पुढच्या जानेवारीत रंग बदलला तर विकू, नाही बदलला तर काढून टाकू, असं त्याचं म्हणणं होतं.

वैजयंताने रात्रभर विचार करावा असं त्यात काही नव्हतं. मुरलीने आयुष्यात तिच्याकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. वडील गेल्यावर तिचा हिस्सा न भांडता तिच्या नावावर करणारा तोच होता. आणि तिची कंबर खरंच दुखायची. ती हो म्हणाली.

मार्चमध्ये तारेचं कुंपण उभं राहिलं. खांब रोवताना लोक थांबून बघत होते. कोणी भांडलं नाही, कारण जमीन रासकरांची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. भांडणापेक्षा ते वाईट होतं. नर्स कुंपणाबाहेरून हात हलवून लांबच्या रस्त्याने गेली. शाळेची मुलं पहिल्या दिवशी तारेपाशी येऊन थांबली, मग वळली. महिन्याभरात पायवाटांवर गवत उगवलं. वैजयंताला दिवसचे दिवस कोणाशी बोलायला मिळेना. फुलं आता टेम्पोत भरून मार्केटला जायची आणि तिला स्वतःशी मोठ्याने बोलायची सवय लागली.

मुरलीचंही गणित थोडं चुकलं होतं. शेतातून त्याला बहिणीकडे यायला चार मिनिटं लागायची. आता कुंपणाला आणि आजूबाजूच्या इमारतींच्या भिंतींना वळसा घालून बाजार, चौक, शाळा असं पावणेदोन किलोमीटर चालावं लागे. आठवडाभर तो स्कूटरवरून आला. मग एक दिवसाआड, मग रविवारी. पावसाळ्यात तेही बंद झालं. फोन व्हायचे, पण फोनवर पेपर कोण वाचून दाखवणार?

२०४२च्या जानेवारीत नवा नकाशा आला. रासकरांचे दहाही चौकोन पिवळे होते.

मुरलीने पेढे आणले आणि सोसायटीत वाटायला निघाला. तळमजल्यावरच्या सचिवांनी, उंडे सरांनी, पेढा हातात घेतला पण खाल्ला नाही. त्यांनी मुरलीला बाकावर बसवलं आणि नकाशाचा उजवीकडचा भाग मोठा करून दाखवला. रासकरांचं शेत पिवळं झालं होतं, पण त्रिवेणी सोसायटी आणि तिच्या मागच्या दोन गल्ल्या जांभळ्या झाल्या होत्या. म्हणजे २०६२ साली तिथे घरं नसतील, गोदामं असतील.

कारण कळायला डॉ. तांबोळींना फोन करावा लागला. त्यांनी समजावून सांगितलं. त्रिवेणीच्या मागे बायपास होता, पुढे शेत. शाळा, दवाखाना, बस, बाजार सगळं शेताच्या पलीकडे होतं, आणि ते जवळ होतं केवळ पायवाटांमुळे. वाटा बंद झाल्यावर त्रिवेणीतल्या पाच कुटुंबांनी वर्षात घर बदललं, लहान मुलं असलेल्यांनी सगळ्यात आधी. रिकामे फ्लॅट कुरियरवाल्यांनी सामान ठेवायला घेतले. यंत्राला एक गोदाम दिसलं, दुसरं दिसलं, आणि पुढच्या वीस वर्षांचे शेजारी त्याने मोजून काढले. शिवाय तिकडे शाळेचा पटही घटताना दिसत होता. एका शेताभोवतीची तार अख्ख्या सोसायटीचा आणि दोन गल्ल्यांचा रंग बदलत होती.

त्या संध्याकाळी मुरली चालत बहिणीकडे आला. स्कूटर नव्हती, पूर्ण वळसा घालून आला होता. वैजयंताने त्याच्याकडे पाहिलं आणि चहा टाकला. त्याने अर्धा कप संपवला आणि मग बोलला.

“आक्का, मी माझंच घर जांभळं करून घेतलं.”

तिला हसू आलं. तिने ते दाबायचा प्रयत्न केला, पण मुरलीच हसला, आणि मग दोघंही पोट धरून हसली. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात मोठ्याने हसणं झालं होतं.

हसून झाल्यावर मुरली म्हणाला की उद्याच तार काढतो. सगळं पहिल्यासारखं होईल.

“पहिल्यासारखं नको,” वैजयंता म्हणाली. “वाटा हव्यात, त्या मला पण हव्यात. पण मला ओणवं राहून मरायचं नाहीये, मुरली. आणि तुझ्या पोराला घर नको का? पहिलं सगळं बरोबर होतं असं थोडंच आहे?”

मुरलीने कप खाली ठेवला. आक्काला स्वतःसाठी काही हवं असेल, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. तिच्या म्हातारपणाचं कारण पुढे करून तो स्वतःसाठी मागत होता, आणि तिने ते ओळखूनही हो म्हटलं होतं, हेही त्याला तेव्हाच उमगलं. त्याने तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, चहा गार होतोय.

पुढच्या शनिवारी दोघं पुण्याला गेली. संस्थेत एका मोठ्या टेबलावर निमसरीचा नकाशा पसरलेला होता. त्यावर बोटाने रेघ मारली की वाट तयार होई, चौकोन हलवला की इमारत, आणि दोन मिनिटांत वीस वर्षांनंतरचे रंग बदलून दिसत. डॉ. तांबोळींनी सांगितलं की इथे बिल्डर येतात, अधिकारी येतात, पण जमिनीचे मालक असे येऊन बसत नाहीत. मग त्यांनी खुर्च्या पुढे ओढून दिल्या.

पहिल्यांदा मुरलीने अर्ध्या शेतावर एक मोठी इमारत ठेवली आणि वाट तिच्या बाजूने वळवली. त्रिवेणी जांभळीच राहिली. माणसं वळसा घालत नाहीत, हे यंत्राला पक्कं माहीत होतं. वैजयंताने इमारत उचलून कोपऱ्यात ठेवली. थोडा फरक पडला. मग मुरलीच्या डोक्यात डेपोतली शेड आली. ती खांबांवर उभी असायची आणि तिच्या खालून गाड्या आरपार जायच्या. त्याने इमारत खांबांवर उभी केली आणि पूर्वेची वाट तिच्या पोटातून सरळ जाऊ दिली. त्रिवेणी पिवळी झाली. डॉ. तांबोळींनी टेबलावर हात आपटला.

मग दोघांना जोरच आला. दुपारचं जेवण बाजूला राहिलं. चारही वाटा जशा होत्या तशा राहिल्या. पूर्वेच्या तीन चौकोनांत खांबांवरची दोन मजली इमारत आली, मुरलीच्या मुलासाठी आणि विकायला आठ घरं. वाटा मिळतात तिथे छप्पर घातलेला ओटा, कोणीही बसावं असा. उरलेल्यात फुलं, पण जमिनीवर नाहीत, कमरेइतक्या उंच बांधलेल्या वाफ्यांत, म्हणजे उभ्याने खुडता येतील. एवढे वाफे एकटीला झेपणार नव्हते. उंडे सरांच्या बायकोने आणि सोसायटीतल्या सहा जणींनी एकेक वाफा मागून घेतला. मोठा बिल्डर या बेताला तयार झाला नाही. निमसरीतल्याच एका ठेकेदार बाईंना आठ घरं पुरेशी वाटली आणि त्यांनी काम घेतलं.

कुंपण मुरलीने स्वतः काढलं. डेपोतले जुने पाने आणि पकडी घेऊन त्याने तीन दिवस खांब उपटले. तिसऱ्या दिवशी शेवटची तार गुंडाळायच्या आतच शाळेची मुलं गवतातून आत शिरली. दहा महिन्यांत पहिलीतली मुलं दुसरीत गेली होती, आणि नव्या पहिलीतल्यांना वाट माहीत नव्हती. मोठ्यांनी त्यांना हाताला धरून नेलं. आठवड्यात गवत पुन्हा तुडवलं गेलं आणि चार रेघा उमटल्या, जिथे होत्या तिथेच.

बांधकामाला वर्ष लागलं. मुरलीच्या बायकोचं काश्मीर मात्र पहिल्या दोन घरांची विक्री झाल्याबरोबर झालं. तिथून तिने वैजयंताला बर्फातला फोटो पाठवला, ज्यात मुरली थंडीने काकडून फक्त नाक दाखवत उभा होता.

२०४४चा नकाशा यायच्या आदल्या आठवड्यात डॉ. तांबोळींचा फोन आला. आवाजात काळजी होती की आनंद, ते कळेना. सगळं निमसरी सुंदर पिवळं-निळं आलं होतं, शाळेचा पट वाढताना दिसत होता. पण रासकरांचे दहा चौकोन यंत्राने पांढरे सोडले होते. काहीच रंग नाही. त्याने ती जागा घरं म्हणून तपासली, शेत म्हणून तपासली, बाजार म्हणून, रस्ता म्हणून तपासली, आणि प्रत्येक वेळी नाही म्हटलं. सरकारी कागदांत ‘मिश्र वापर’ असा प्रकार होता, पण तोही त्याने नाकारला. मिश्र वापराच्या जागेत दुकानं आणि घरं एकत्र असतात, इतकंच. त्या जागा यंत्राच्या मते वेगळ्या वागतात.

“मला नवा प्रकार घालावा लागणार,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “सूचीत नाव लिहायचंय. जागा तुमची आहे, तुम्हीच सांगा.”

वैजयंता वाफ्यापाशी उभी होती. ओट्यावर मुरली उंडे सरांना पेपर वाचून दाखवत होता आणि दवाखान्यातली नर्स दोघांच्या मधून वाट काढत चालली होती. तिने फार वेळ घेतला नाही.

“वाटसोड,” ती म्हणाली. “आम्ही वाट तेवढी सोडली, बाकी काय केलं?”

त्या वर्षीच्या नकाशात, रंगांच्या सूचीत सगळ्यात खाली, एक नवा केशरी ठिपका आला आणि त्याच्यापुढे तो शब्द. पण खरी गंमत पुढेच होती. प्रकाराला नाव मिळाल्यावर यंत्राने राज्यभरचे सगळे चौकोन पुन्हा तपासले. आजवर त्याने ज्यांना नाइलाजाने शेत किंवा बाजार म्हटलं होतं, त्यांतल्या एकोणचाळीस जागा त्याने केशरी केल्या. एक परभणीत, दोन इचलकरंजीला, एक मालेगावात यंत्रमागांच्या शेडमागे. सगळ्या कोणा ना कोणा मालकाने न अडवलेल्या. त्या मालकांतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं की आपल्यासारखे आणखी कोणी आहेत.

फेब्रुवारीत एका दुपारी मालेगावहून वैजयंताला फोन आला. बोलणारीचं नाव शाहीन होतं. तिने नंबर पुण्याहून मिळवला होता. तिच्या जागेचा रंग केशरी आल्याचा तिला आनंद झाला होता, पण एक अडचण होती. तिचा दीर म्हणत होता की केशरी जागेला भाव काय येणार, त्यापेक्षा तारेचं कुंपण घालून टाकू. त्याला कसं समजवावं, ते तिला कळत नव्हतं.

वैजयंताने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “थांबा हं, याच्यातला माणूस आहे माझ्याकडे,” आणि ओट्यापाशी जाऊन तिने फोन मुरलीच्या हातात दिला.

मुरलीने पेपरची घडी घातली, चष्मा काढला, आणि दिराला फोन द्यायला सांगितलं. पुढचा पाऊण तास तो बोलत होता.